पायांनी ऐकायचं गाणं

विमलताई गजभिये कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या, की बसण्याआधी खोलीच्या मधोमध उभ्या राहून एक टाळी वाजवायच्या. मग मान तिरकी करून ती टाळी कुठवर जाते ते ऐकायच्या. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी आल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या घरात रिकामं लई आहे." सासूबाईंना तो आमच्या परिस्थितीवरचा टोमणा वाटला. त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. ताईंना म्हणायचं होतं एवढंच, की भिंती उघड्या आहेत, आवाज आपटून परत येतो, दोन जाड पडदे लावा.

ताई रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. वीसेक वर्षं त्यांच्या कानावर हेडफोन होता. लाइनीवरच्या खरखरीतून बोलणाऱ्याला सर्दी आहे, का तो रडून आलाय, हे त्यांना कळायचं. मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. ऑपरेटर बायकांना वेगवेगळ्या दफ्तरांत टेबलं दिली. ताईंच्या वाट्याला फायलींची नोंद आली. "हाताले काम भेटलं," त्या सांगायच्या, "पण कान बेकार झाला. मंग त्याले दुसरी नोकरी पाह्यली."

ती दुसरी नोकरी म्हणजे कॉम्प्युटरवर संगीत. वडील भंडाऱ्याकडे एका गायनपार्टीत पेटी वाजवायचे, त्यामुळे सूर घरातच होता. पण पार्टी जमवायची तर माणसं लागतात, आणि बाईनं जमवायची तर आणखी काय काय लागतं. ताईंनी कुणाचा वापरलेला कॉम्प्युटर घेतला, एक जुना कीबोर्ड घेतला आणि रेल्वे क्वार्टरच्या आतल्या खोलीत एकटीनंच पार्टी उभी केली. लग्न केलं नव्हतं. कुणी काहून म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "अवो, वेळच नाही भेटला." आणि त्या खोलीत तासभर बसलं, की ते खरं वाटायचं.

छत्तीसगढ हे नवं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झालं, रस्ते खणले गेले, दुकानांच्या पाट्या बदलल्या. ज्याच्या त्याच्या मनात आपल्या भाषेतलं गाणं काढायचं आलं. पानठेल्यावर छत्तीसगढी गाण्यांच्या सीडी लटकायला लागल्या. त्यांतल्या कितीतरींचं संगीत त्या आतल्या खोलीत तयार झालेलं होतं. सीडीवर ताईंचं नाव कधी असायचं, कधी नसायचं. नसलं तर त्या स्वतः त्या माणसाच्या घरी जाऊन "नाव राह्यलं" एवढंच सांगायच्या. पुढच्या सीडीवर ते असायचं.

ती खोली बघून पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळायचा. भिंतींना गाद्या उभ्या केलेल्या. चारी कोपऱ्यांत पंडरीच्या कापड बाजारातून आणलेल्या चिंध्यांची ठासून भरलेली पोती, कारण "जाड आवाज कोपऱ्यात जाऊन बसते, त्याले तिथंच गिळलं पाह्यजे." लोखंडी कपाटाची दारं सताड उघडी, आत साड्यांच्या चळती. गाणाऱ्यानं त्या साड्यांकडे तोंड करून गायचं. माइकपुढे भरतकामाच्या गोल रिंगेवर ताणून बसवलेला पायमोजा, म्हणजे प आणि फ म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळू नये. भिंतीवर ताईंच्या हस्ताक्षरात गाड्यांचं वेळापत्रक. ते प्रवासाचं नव्हतं. कुठल्या दोन गाड्यांच्या मध्ये किती मिनिटं शांतता मिळते त्याचं होतं. पॅसेंजर उशिरा धावत असली की ताईंना दफ्तरातून आधीच ठाऊक असायचं. गायकाला त्या सांगायच्या, "पाणी पी. अजून अकरा मिनिटं आहेत."

सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरी करणारे एक हौशी गृहस्थ स्वतःचं गाणं घेऊन आले. त्यांना त्यात वीस वाद्यं हवी होती. बासरी, संतूर, तीन प्रकारचे ढोल, शिवाय कॉम्प्युटरमधले दोन अजब आवाज. ताईंनी सगळं घातलं. ऐकून त्या माणसाचा चेहरा पडला. "दीदी, जम नहीं रहा. कुछ कम है." ताईंनी त्यांना बाहेर चहा प्यायला बसवलं. मी त्या दिवशी तिथंच होते. ताई एकेक वाद्य बंद करत गेल्या, प्रत्येक वेळी थोडं ऐकत. चहा होईस्तोवर पाच उरली. ते गृहस्थ आत आले, गाणं ऐकलं आणि खूश होऊन विचारलं, "अब क्या डाला?"

"निकाला," ताई म्हणाल्या, आणि यादी त्यांच्या हातात दिली.

ताईंचं शिकवणं असं होतं. वेगळं शिकवत नसत. काम करताना बोलायच्या, ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं. "मोठ्यानं लावलं का सगळंच चांगलं वाटते. इतकं हळू लाव का त्याच्यावरून बोलता आलं पाह्यजे. मंग जे गाणं टिकते, ते गाणं." "तू अन् हे दोन स्पीकर, तिघांमंधलं अंतर सारखं ठेव." "कान थकला का खोटं बोलते. उठ, भाजी चिरून ये." त्या खरंच उठायच्या आणि भाजी चिरायच्या. खोलीत एकदा सतत घुंऽऽ असा आवाज यायला लागला, तर त्यांनी ना वायर बदलली ना मशीन. अंगणात अर्थिंगचा खड्डा होता. तो उन्हाळ्यात कोरडा पडला होता. त्यात मीठ घालून दोन बादल्या पाणी ओतलं, आणि आवाज गेला. मग उन्हाळाभर रोज सकाळी त्या खड्ड्याला पाणी घालायच्या. शेजारणीला वाटायचं काही व्रत असेल.

आणि गाणं झालं, की त्याची कॅसेट घेऊन त्या शेअर ऑटोत बसायच्या. ऑटोवाल्याला म्हणायच्या, "भैया, ये लगाओ." पंडरीपर्यंत जायचं, यायचं, पुन्हा जायचं. इंजिनाच्या आवाजात गाण्यातलं काय बुडतं ते त्या पाठीमागे बसून ऐकायच्या. "लोकं माह्या खोलीत येऊन थोडीच ऐकणार आहेत," म्हणायच्या. "ते जिथं ऐकतात तिथं जाऊन पाह्यलं पाह्यजे."

माझी त्यांची ओळख झाली ती शाळेमुळे. मी कर्णबधिर मुलींच्या शाळेत शिकवत होते. वर्ध्याहून लग्न होऊन आले होते, आणि रायपुरात मराठीतून मनातलं बोलायला माणूस शोधत होते. शाळेला एका मोठ्या सरकारी कार्यक्रमात नाच करायचा होता. गाणं साडेसात मिनिटांचं होतं, ते तीन मिनिटांचं करून हवं होतं. कुणीतरी ताईंचं नाव सांगितलं. मी कॅसेट घेऊन गेले.

ताईंनी ती अर्धी ऐकली आणि बंद केली. "तुह्या पोट्ट्या याच्यावर कशा नाचतात?"

मी सांगितलं. सगळीकडे असतं तसंच. मी स्टेजच्या खाली, प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहते. गाणं ऐकत हातानं ताल दाखवते, पुढची खूण देते. मुली माझ्या हाताकडे बघत नाचतात.

"म्हणजे गाणं तू ऐकते, टाळ्या लोकं वाजवतात, अन् त्या तुह्या हाताकडे पाहून राहतात."

"त्यांना ऐकू येत नाही, ताई."

"कायच नाही? तू विचारलं?"

मी विचारलं नव्हतं. आठ वर्षं शिकवत होते आणि विचारलं नव्हतं. पण एक गोष्ट मला माहीत होती, ती मी ताईंना त्या दिवशी सांगितली नाही. आमच्या नाचात सगळ्यात पुढे असणारी फुलेश्वरी, पंधरा वर्षांची, उंच, बोटांनी भरभर बोलणारी, मला आदल्या आठवड्यात खुणेनं म्हणाली होती, "यंदा मी नाचणार नाही. गाणं तुमचं आहे. आम्ही फक्त तुमचा हात पाठ करतो."

ताई पुढच्या शनिवारी एक जड स्पीकर रिक्षात घालून शाळेत आल्या. हॉलमध्ये शिरून सवयीप्रमाणे टाळी वाजवली. मुलींना वाटलं, ही नवीन बाईची नमस्काराची पद्धत. सगळ्यांनी टाळी वाजवून उत्तर दिलं. ताई इतक्या मोकळ्या हसलेल्या मी क्वचितच पाहिल्या.

हॉलच्या एका टोकाला लाकडी मंच होता. ताईंनी स्पीकर त्यावर पालथा घातला, तोंड फळ्यांकडे, आणि एक जाडसर ठोका सुरू केला. मुलींना खूण करून वर यायला सांगितलं. आधी त्यांनी हात टेकवले. मग फुलेश्वरीनं चपला काढल्या आणि ती उभी राहिली. ताईंनी ठोका जलद केला, मग मंद केला, मग मध्येच थांबवला. फुलेश्वरीचा पाय त्याच क्षणी थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं नव्हतं. ती खाली, फळ्यांकडे बघत होती.

"आता तू मले सांग, कायच ऐकू येत नाही का," ताई म्हणाल्या.

पुढचा दीड महिना ताईंनी ते गाणं नव्यानं बनवलं. दुसऱ्याची कामं बाजूला ठेवली. कानात कापूस घालून तखतावर, म्हणजे लाकडी पलंगावर, अनवाणी बसायच्या, स्पीकर तखतावर पालथा. "जाड आवाजाच्या जागेत एकानंच बसायचं," त्या मला समजावत होत्या. "ढोल अन् बास दोघंही तिथं घुसले का चिखल होते. पायाले काय समजणार? ढोल पडला का बासनं एक पाऊल मांगं सरायचं. बाकीच्या वाद्यांतला जाड आवाज सगळा कापून टाकायचा, त्यांचं तिथं काम नाही." त्यांनी ठोक्यांची भाषाच ठरवली. गोल फिरायच्या आधी दोन जवळजवळचे ठोके. ओळ बदलायच्या आधी पूर्ण एक मात्रा शांतता. "थांबणं पण पायाले ऐकू येते," त्या म्हणाल्या.

एकदा त्या म्हणाल्या, "कापूस घालून मी पण तुह्या पोट्ट्यांसारखीच झाली." मी म्हटलं, "नाही ताई. तुम्हाला तरीही ऐकू येतं. कापूस काढला की सगळंच येतं." त्यांनी स्पीकर बंद केला. "हव," म्हणाल्या. "बरोबर आहे तुहं. मंग शेवटचा निकाल माहा नाही."

त्या रविवारपासून फुलेश्वरी क्वार्टरवर यायला लागली. ती तखतावर बसायची, ताई वाजवायच्या, आणि ती बोटांनी सांगायची. हे स्पष्ट. हे मिसळलं. इथं काहीच नाही. ताईंना खुणा येत नव्हत्या, पण दुसऱ्या रविवारी त्यांना माझी गरज लागली नाही.

अडलं ते सुरुवातीला. गाण्याच्या तोंडाशी ताईंनी बासरीसारखा एक लांब सूर ठेवला होता. वडिलांच्या पार्टीत पहिल्या गाण्याआधी पेटीवर वाजायची ती चाल होती, आणि त्यांनी तिच्यावर फार मेहनत घेतली होती. मला तर ती ऐकून डोळ्यांत पाणी आलं. फुलेश्वरी तखतावर हात टेकून वाट बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात उघडून दाखवले. काहीच नाही.

ताईंनी पुन्हा लावलं, थोडं वाढवून. फुलेश्वरीनं मान हलवली. गाणं सुरू झालंय का, तिनं विचारलं.

मी म्हटलं, "ताई, राहू द्या ना. ऐकणारी हजारभर माणसं समोर असतील. पंधरा सेकंदांचा तर प्रश्न आहे."

"ते पंधरा सेकंद पोट्ट्या काय करतील? उभ्या राहून लोकांच्या तोंडाकडे पाहतील?" ताईंनी तो तुकडा निवडला आणि पुसला. दुसऱ्या कुठल्या गाण्यासाठी जपूनही ठेवला नाही. "ज्याचं गाणं, त्याच्यापासून सुरू झालं पाह्यजे," म्हणाल्या, आणि भाजी चिरायला उठल्या. त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच भाजी चिरली.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. स्टेज सिमेंटचं होतं. पक्कं, नवं, वर गालिचा. फुलेश्वरी त्यावर उभी राहिली, ताईंनी गाणं लावायला सांगितलं, आणि तिनं तेच केलं, दोन्ही हात उघडे.

मी म्हटलं, "मी हात दाखवते, ताई. नेहमीसारखं. त्यांना येतं तसं."

"तू गप बस," ताई म्हणाल्या, रागानं नाही. साउंडवाल्याकडे गेल्या. "भैया, टेंटवाला कौन है?" टेंटवाल्याकडे पाहुण्यांच्या बैठकीसाठी आणलेले लाकडी तखत होते. ताईंनी बारा मागितले. आयोजकांपैकी एक जण आले, म्हणाले, स्टेजवर तखत बरे दिसणार नाहीत. ताई म्हणाल्या, "चादर डाल देंगे. और नहीं दिखे अच्छे तो मेरा नाम बोल देना." तखत आले. ते दोरीनं एकमेकांना घट्ट बांधले, खाली विटांचे तुकडे देऊन सपाट केले. गालिचा काढला, पातळ चादर ताणली. साउंडवाल्याच्या दोन मोठ्या बासपेट्या पुढून उचलून तखतांनाच टेकवल्या. तो म्हणाला, "दीदी, तीस साल से ये काम कर रहा हूँ, ऐसा किसी ने नहीं कराया." ताई म्हणाल्या, "मैंने भी नहीं कराया."

चार वाजता मुली चढल्या. सीडी घातली, आणि यंत्रानं ती वाचली नाही. ताईंनी पिशवीतून दुसरी काढली, तशाच निवांतपणे. त्यांच्याकडे तिसरीही होती, आणि चौथी माझ्या पर्समध्ये त्यांनी सकाळीच ठेवली होती.

गाणं सुरू झालं. मी स्टेजखाली, नेहमीच्या जागी. हात आपोआप वर गेला. फुलेश्वरीनं पहिली गिरकी घेता घेता माझ्याकडे बघितलं आणि कमरेजवळ हात छोटासा हलवला. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसेल. हात खाली.

मी हात खाली घेतले आणि पाठीमागे धरले. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

चौदा मुली नाचत होत्या आणि माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. त्या एकमेकींकडे बघत होत्या. आठ वर्षांत मी त्यांना नाचताना एकमेकींकडे बघताना पाहिलं नव्हतं. मध्यावर दोघी चुकीच्या बाजूला वळल्या, आपटल्या, आणि मी दचकून पुन्हा हात उचलणार, तोवर त्यांनी क्षणभर थांबून पायांनी ठोका पकडला आणि ओळीत गेल्या. स्वतःच.

तिकडे साउंडच्या टेबलाशी पुढच्या रांगेतून एक माणूस धावत आला होता. हे मला नंतर साउंडवाल्यानं सांगितलं. साहेबांच्या छातीत धडधड होतेय, बास कमी करा. साउंडवाल्याचा हात आवाजाच्या सरकपट्टीकडे गेला, पण तिथं आधीच ताईंचा हात होता. "साहब को बोलो, एक मिनट चालीस सेकंड बाकी है," ताई म्हणाल्या. तो माणूस म्हणाला, आप समझ नहीं रहीं. ताई म्हणाल्या, "मैं ही समझ रही हूँ." आणि पूर्ण एक मिनिट चाळीस सेकंद त्यांनी तो हात तिथून हलवला नाही.

संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुलेश्वरी खाली उतरली ती मला ओलांडून थेट ताईंकडे गेली. पायानं जमिनीवर तो गिरकीआधीचा जोडठोका वाजवला. ताईंनी चप्पल काढून तोच परत वाजवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बास थोडा जास्तच होता. साहेब बरोबर होते. पुढच्या वेळी पट्टी दोन घरं खाली ठेवू."

पुढच्या वेळा बऱ्याच झाल्या. शाळेनं हॉलमधला मंच मोठा करून घेतला. मी स्टेजखाली उभं राहणं सोडलं आणि प्रेक्षकांत बसायला लागले. पहिल्या वर्षी हे जमवायला मला मुलींपेक्षा जास्त सराव लागला. फुलेश्वरी पुढे आमच्याच शाळेत लहान मुलींना नाच शिकवायला लागली. ताई निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडून शहराबाहेर भाचीकडे राहायला गेल्या. फोनवर बोलणं होई, मग कमी झालं, जसं होतं तसं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते शहराबाहेर वसत असलेल्या नव्या राजधानीच्या रस्त्यावर. शाळेचे कागद घेऊन मी मंत्रालयाच्या बसनं जात होते. तिथले रस्ते तेव्हा रुंद, नवे आणि ओस होते. दोन्ही बाजूंना दिव्यांचे उंच खांब, आणि वारा. एका थांब्याच्या अलीकडे एक म्हातारी बाई हात करत उभी दिसली. बस थांबली. ताई होत्या. केस सगळे पांढरे, पायांत स्पोर्ट शूज, हातात लहानसा रेकॉर्डर.

"बैठना नहीं है, भैया," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "ये खंभा गा रहा है. एक मिनट इंजन बंद कर दो."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं. का केलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ताईंनी रेकॉर्डर पोकळ खांबाच्या फटीशी धरला. वाऱ्यानं खांबातून एक खोल, लांब सूर निघत होता. बसमधल्या सगळ्यांनी बोलणं थांबवलं. एकानं मोबाईल खिशात घातला.

माझी खिडकी त्यांच्यापासून चार हातांवर होती. "ताई" हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी तोंडावर हात धरला आणि तशीच बसून राहिले. त्यांचं रेकॉर्डिंग चालू होतं.